मदत हवी आहे: विल्यम रिमरची मूळ रेखाचित्रं बॉस्टनमध्ये कशी पाहता येतील?

बॉस्टनमधल्या मंडळींना विचारते आहे. विल्यम रिमर (१८१६–१८७९) चित्रकार, शिल्पकार आणि शिवाय डॉक्टर! त्याची काही रेखाचित्रं बॉस्टन मेडिकल लायब्ररीच्या संग्रहात, म्हणजे हार्वर्डच्या काउंटवे ग्रंथालयात आहेत. मी मानवाकृती रेखाटन शिकवते. त्याचं १८७७ सालचं ‘आर्ट ॲनाटॉमी’ हे पुस्तक चाळल्यापासून त्यातली माणसं डोक्यातून जात नाहीत. स्नायू नुसते दाखवलेले नाहीत, त्यांचा ताण आपल्या अंगात जाणवतो.

मूळ कागद बाहेरच्या व्यक्तीला पाहू देतात का? किती दिवस आधी कळवावं लागतं? समोर बसून पेन्सिलीने स्केच करू देतात का? बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधला त्याचा ‘कोसळणारा ग्लॅडिएटर’ हा पुतळा पाहणारच आहे, पण जीव या कागदांत अडकलाय. कुणी तिथे गेलं असेल तर कृपया सांगा.