ड्रम किटसाठी सिंबल्स: आधी हाय-हॅट बदलू की क्रॅश?

मंडळी, मदत हवी आहे.

दोन वर्षं झाली ड्रम शिकतोय. किटबरोबर आलेल्या पितळी सिंबल्सवर (धातूच्या थाळ्यांवर) आतापर्यंत भागवलं: १४ इंची हाय-हॅटची जोडी (पायाच्या पेडलने उघडझाप होणारी) आणि १६ इंची एकच क्रॅश (मध्येच जोरात वाजवायचा). राईड, म्हणजे सतत ठेका धरायची सिंबल, नाहीच. आता क्रॅशच्या मधल्या भोकाला एका बाजूने खाच पडलीय, कुलपाच्या भोकासारखी. आवाजाचं तर विचारूच नका. जोरात मारला की पातेल्याचं झाकण फरशीवर पडल्यासारखा खणखणाट, हळू मारला तर नुसतं टक्. रेकॉर्डिंग ऐकताना माझी मलाच लाज वाटते.

सगळा संच एकदम घेणं परवडणार नाही. क्रॅश आधी घ्यावा असं मनात आहे. आणि सिंबल्सच्या धातूचं ते बी८, बी२० काय प्रकरण आहे? कानाला खरंच कळतं, की नुसती कॅटलॉगची भाषा? खोली लहान आहे, वाजवतो हलकी गाणी, क्वचित रॉक.

प्रतिसाद १

खाच पडलीय म्हणजे स्टँडच्या दांड्यावर प्लास्टिकची नळी नसणार. दांड्याचे आटे सिंबलला कानशीसारखे घासतात. नवा क्रॅश आणलात तरी त्याचंही तेच होईल, तेव्हा आधी नळ्या आणि फेल्ट (सिंबलखालच्या-वरच्या मऊ चकत्या) बदला. सिंबलवरचा विंगनटही (हाताने फिरवायचा नट) करकचून आवळू नका. सिंबल डोलली पाहिजे, नाहीतर फटक्याचा सगळा जोर तिलाच सोसावा लागतो आणि एक दिवस तडा जातो.

बी८ म्हणजे ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथील. बी२० मध्ये कथील २० टक्के. कानाला कळतं. बी८ झगझगीत, सरळसोट. बी२० च्या एका फटक्यात खालचे-वरचे कितीतरी सूर मिसळलेले असतात. पण बी८ म्हणजे नवशिक्यांचाच माल असं समजू नका. पायस्टे या सिंबल कंपनीची '२००२' ही नावाजलेली मालिका बी८ चीच आहे.

प्रतिसाद २

क्रॅश राहू द्या, हाय-हॅट घ्या. क्रॅश गाण्यात मोजून चार-सहा ठिकाणी वाजतो, हाय-हॅट पहिल्या मात्रेपासून चालू. घेताना स्टिक बाजूला ठेवा आणि नुसतं पेडल दाबून बघा. 'चिक्' स्वच्छ आला पाहिजे. बऱ्याच जोड्यांत खालची सिंबल वरचीपेक्षा जड असते, ती त्या 'चिक्'साठीच.

पुढे कधी क्रॅश घ्याल तेव्हा पातळच बघा. जाड क्रॅश हलक्या हाताने नीट घुमतच नाही, तुमचं 'टक्' त्यातलंच असावं. १८ इंची पातळ क्रॅशवर स्टिकचं टोक घुमटाच्या (मधल्या उंचवट्याच्या) जवळ चालवलंत तर तूर्तास राईडचंही काम भागेल. वापरलेला माल मिळाला तर सोडू नका, फक्त कडेवरून नख फिरवा. बारीक तडा डोळ्याला चुकतो, नखाला अडकतो. आणि एकदा दुसऱ्याला वाजवायला लावून दहा पावलांवरून ऐका, जवळून कर्कश वाटणारी सिंबल लांबून बरेचदा गोड लागते.

धागाकर्ता

दोघांचे आभार. स्टँड बघितला, नळी खरंच नाही. आटे घासून चकाकतायत. हाय-हॅटचं नक्की केलं. घरच्या जोडीतली जड सिंबल वर लागली होती, दोन वर्षं! अदलाबदल केल्यावर 'चिक्' आधीपेक्षा बरा येतोय, पण मध्येच हवा कोंडल्यासारखा 'फस्स' होतो. खालची सिंबल थोडी तिरकी करायचा स्क्रू असतो म्हणे, तो नेमका कुठे असतो?