मदत हवी आहे: सेगा मेगा ड्राईव्ह या व्हिडिओ गेमच्या बोर्डाचे ट्रॅक गंजले, एका कंडेन्सरचा पॅड उखडला

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितो आहे.

१९९६ साली कापसाचा चुकारा आला तेव्हा काकाजींनी नागपूरला सीताबर्डीतून सेगाचा मेगा ड्राईव्ह आणला. पहिलं मॉडेल, हेडफोनचं भोक आणि आवाजाची सरकपट्टी असलेलं. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी आमच्या ओसरीवर पोरांची रांग लागायची, आणि काकाजी प्रत्येकाची पाळी मोजत बसायचे. ते आता नाहीत. यंदा कवेलू फेरताना माळ्यावरच्या पेटीत हा सापडला. पेटीत पाणी गळलं होतं.

लाल दिवा लागतो, टीव्ही मात्र काळाच. अडॅप्टर ९ व्होल्टचा आहे, मधलं टोक निगेटिव्ह, ते तपासूनच लावला. बोर्डावरच्या दोन्ही ७८०५ रेग्युलेटरमधून (५ व्होल्ट करून देणारे) बरोबर ५ व्होल्ट निघतात. कॅसेटच्या खाचेमागे चार-पाच ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा, हिरवे पडलेत. तालुक्याला एका दुकानात दाखवला, तर त्यांनी मागच्या एव्ही सॉकेटजवळचा कंडेन्सर ओढून काढला आणि त्याच्यासोबत पॅडही (पाय सोल्डर करायची तांब्याची चकती) उखडला. आता माझ्याच हातानं करायचं ठरवलंय. २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न आणि बझरवालं मल्टिमीटर आहे. तुटलेला ट्रॅक कसा जोडू? आणि पॅडच नाही तिथं कंडेन्सर कसा बसवू? दिवाळीला ताई येणार आहे, तिच्यासाठी तरी सुरू व्हावा असं फार वाटतं.

प्रतिसाद
भाऊ, ५ व्होल्ट मिळतात म्हणजे अर्धी लढाई जिंकली. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं हिरवं सगळं घासून काढा. थिनर नको, प्लास्टिक खातो. कॅसेटच्या खाचेला ६४ पिना आहेत, त्यांतल्या बहुतेक ॲड्रेसच्या आणि डेटाच्या. डेटाची एक लाईन तुटली तरी ६८००० नावाच्या प्रोसेसरला आज्ञा चुकीच्या वाचायला मिळतात, म्हणून काळा पडदा. खाचेची पिन आणि ट्रॅक जिथं पोचतो तो आयसीचा पाय, या दोन टोकांत बझर लावा. वाजला नाही तो ट्रॅक मेला.

गंजलेल्या ट्रॅकवर सोल्डर चढवत बसू नका, गंजलेलं तांबं धरत नाही. पिनेपासून पायापर्यंत सरळ तार टाका. गावातल्या मोटर वाइंडिंगवाल्याकडे टेबल फॅनची बारीक तार मिळेल. दोन्ही टोकांचं इनॅमल (तारेवरचा लेप) ब्लेडनं खरवडा, नाहीतर सोल्डर बसल्यासारखं दिसेल आणि जोड लागणार नाही.

पॅडचं जरा नाजूक आहे. बोर्ड दोन बाजूंचा आहे. भोकाच्या आत तांब्याची नळी असते, तीच वरचा ट्रॅक खालच्याला जोडते. कंडेन्सर ओढताना ती नळीही निघाली असेल, तर नुसतं खालून सोल्डर करून उपयोग नाही. वरच्या बाजूनं तो ट्रॅक कुठं जातो ते शोधा आणि कंडेन्सरच्या पायाला तिथून तार द्या.

धागाकर्ता
दादा, तुमचे आभार कसे मानू! दोन लाईनी बझरला वाजत नव्हत्या. काल रात्री लाईट आल्यावर दोन्ही तारा टाकल्या आणि चित्र आलं. आई जेवण टाकून पाहायला आली.

हेडफोनमध्ये आवाज आहे, टीव्हीत नाही. उखडलेला कंडेन्सर एव्ही सॉकेटजवळचाच, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच्यातून जात असावा. भोकातली नळी तुम्ही म्हणालात तशीच निघालेली आहे, वरचा ट्रॅक सापडला. पण जुन्या कंडेन्सरवरचे आकडे पुसलेत. कोणाकडे हेच मॉडेल उघडलेलं असेल, तर सॉकेटजवळच्या कंडेन्सरवर किती मायक्रोफॅरड आणि किती व्होल्ट लिहिलंय ते बघून सांगाल का? सोमवारी यवतमाळला जातो आहे, तेव्हाच घेऊन येईन.