ड्रॅक्युला म्हणजे व्लादच का?

शंकासुर:
वैऱ्यांना सुळावर देणारा, पंधराव्या शतकातला वालाकियाचा (आजच्या रुमानियातला भाग) राजा व्लाद तिसरा हाच ड्रॅक्युला, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. मग रक्त पिणं, उन्हानं जळणं, उंच कॉलरचा काळा झगा यातलं व्लादकडून नेमकं काय आलंय? आणि आपला वेताळ त्याचा भाऊबंद धरायचा का?

पानोपानी:
व्लादकडून आलं ते नाव. बाकी जवळजवळ काहीच नाही. १४३१ साली हंगेरीचा राजा सिगिस्मुंड याने व्लादच्या वडिलांना 'ड्रॅगन' या सरदारांच्या संघात घेतलं. तेव्हापासून ते 'ड्राकूल', आणि त्यांचा मुलगा तो ड्रॅक्युला. रुमानियन भाषेत 'ड्राक' म्हणजे सैतानही, घोळ तिथूनच.
'ड्रॅक्युला' कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकर याच्या टिपणांत काउंटचं, म्हणजे त्या रक्तपिपासू सरदाराचं, आधीचं नाव 'वॅम्पायर' होतं. १८९० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावी असताना विल्यम विल्किन्सन यांचं वालाकियावरचं १८२० चं पुस्तक त्याच्या हाती पडलं. त्यात एक तळटीप: ड्रॅक्युला म्हणजे सैतान. एवढ्यावर बारसं झालं! १८९७ च्या कादंबरीत 'व्लाद' हे नाव नाही, सुळाचा उल्लेखही नाही. शिवाय काउंट स्वतःला सेकेली (ट्रान्सिल्वेनियातला हंगेरियन बोलणारा समाज) म्हणवतो, व्लाद मात्र वालाकियाचा. दोघांची घट्ट गाठ मारली ती १९७२ च्या मॅकनॅली-फ्लोरेस्कू या इतिहासकारांच्या पुस्तकानं.

तिसरी_घंटा:
कॉलर ही नाटकाची देणगी. १९२४ मध्ये नट-नाटककार हॅमिल्टन डीनने कादंबरी रंगभूमीवर आणली. सगळ्यांनी घेरलेला काउंट डोळ्यांदेखत गायब व्हायला हवा. म्हणून नटानं प्रेक्षकांकडे पाठ करायची, ताठ कॉलरमुळे मागून डोकं दिसत नाही, तेवढ्यात झग्यातून निसटून रंगमंचातल्या झडपेतून खाली उतरायचं. इतरांच्या हातात रिकामा झगा! कॉलर आखूड असती तर डोकं खाली जाताना दिसलं असतं आणि सगळा खेळ फसला असता. १९३१ च्या चित्रपटात तसल्या झडपेची गरजच नव्हती, पण झगा कायमचा चिकटला.

पानोपानी:
ऊन राहिलंच. कादंबरीत काउंट दिवसाढवळ्या लंडनच्या पिकॅडिलीत उभा असतो. दिवसा त्याची शक्ती कमी होते इतकंच. त्याचा शेवटही खुंटी ठोकून होत नाही. त्याच्या मागावर असलेल्यांपैकी हार्करची कुकरी गळ्यावर फिरते आणि मॉरिसचा सुरा छातीत शिरतो. उन्हानं नाहीसं होणं १९२२ च्या 'नोस्फेरातू' या मूकपटातलं. त्याच्या निर्मात्यांनी हक्क न घेताच स्टोकरची कथा उचलली होती, म्हणून स्टोकरच्या पत्नीनं दावा लावला आणि जर्मन कोर्टानं प्रती नष्ट करायला सांगितलं. काही प्रती वाचल्या, त्यांच्यासोबत हा नियमही.

कुडमुड्या:
वेताळाला यात ओढू नका. तो प्रेतात शिरतो, झाडाला लोंबकळतो आणि विक्रमाला कोडी घालतो. कुणाच्या मानेला चावत नाही. १८७० साली रिचर्ड बर्टनने 'वेताळ पंचविशी'च्या गोष्टी इंग्रजीत नेताना वेताळाला सरळ 'व्हॅम्पायर' करून टाकलं. नातं जुळलं ते भाषांतरात.