पहाटेचं तेच स्वप्न आणि आईची खुर्ची: मदत हवी आहे

नमस्कार. दीड महिना झाला, आठवड्यातून तीन-चारदा एकच स्वप्न पडतंय. गोव्यातली, नार्वेहून दिवाडी बेटावर जाणारी फेरीबोट. माझं माहेर दिवाडीचं, ती फेरी लहानपणापासून सवयीची. स्वप्नात आई चाकाच्या खुर्चीत आणि मी मागून खुर्ची धरून उभी. पुढचा रॅम्प वर उचललाच जात नाही, पाणी आत येतं, आणि मी मूठ सोडते. हात निसटत नाही, मीच सोडते. रबरी मुठीवरून एकेक बोट उचललेलं जाग आल्यावरही जाणवत असतं. साडेचार-पाच वाजलेले असतात. मग पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू येईपर्यंत आईच्या खाटेशी बसून राहते.

आई तीन वर्षं अंथरुणावर आहे, माझ्याकडे साखळी गावी. तिचं सगळं मी करते, मनापासून करते. शेवटी जावेला सांगितलं तर ती बोलून गेली, "मनी वसे ते स्वप्नी दिसे." तेव्हापासून आईला पेज भरवताना तिच्या डोळ्यांत बघवत नाही. मावशी म्हणते, पहाटेचं स्वप्न खरं होतं, देवळात कौल घे. तो घेईनच, माझी श्रद्धा आहे.

पण मनाच्या तळाशी मला आई नकोशी झालीय, असा याचा अर्थ होतो का? आणि छातीत धडधडतं म्हणून दोन महिन्यांपूर्वी प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं, त्याचा काही संबंध? डॉक्टर नुसतं टेन्शन घेऊ नका म्हणाले.

प्रतिसाद:
ताई, मी परिचारिका आहे. आधी गोळीचं. या जातीच्या गोळ्यांनी भयंकर स्वप्नं पडू शकतात, हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. पण आपल्या मनाने बंद करू नका, अचानक सोडली तर हृदयाला धोका असतो. स्वप्नं तारीख घालून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. पहाटेचं म्हणाल तर स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जाते. त्यातूनच जाग येते, म्हणून लक्षात राहतं.

दिवसाउजेडी तेच स्वप्न शेवट बदलून लिहा. रॅम्प वर येतो, तुम्ही दोघी धक्क्याला उतरता. रोज दहा-पंधरा मिनिटं ते डोळ्यांपुढे आणा. वारंवार वाईट स्वप्नं पडणाऱ्यांना ही पद्धत मुद्दाम शिकवतात. तरी थांबलं नाही तर बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे मानसोपचाराच्या इस्पितळात, दाखवा.

आणि मनी काय फक्त इच्छाच वसते? धास्तीही वसते. आईला काही होईल याची तुम्हाला किती धास्ती आहे, ते तुमच्या लिहिण्यात दिसतंय. एक सांगा, रात्री त्यांची कूस बदलायला कोण उठतं?

धागाकर्ती:
मीच. दर दोन तासांनी.