आईला कॅन्सरच्या गोळ्यांनी थंडी-ताप येतोय, गोळ्या थांबवायच्या का?

लेक_साताऱ्याची:
आई ६१ वर्षांची. पोटरीवरचा तीळ वाढत गेला, तो मेलानोमा (त्वचेचा कॅन्सर) निघाला. ऑपरेशन झालं, जांघेतल्या गाठीही काढल्या. ब्राफ (गाठीतल्या BRAF जनुकात बदल आहे का, ही) तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणून डाब्राफेनिब (७५च्या दोन कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ) आणि ट्रामेटिनिब २ मिलिग्रॅम असं वर्षभर घ्यायचंय. तिसऱ्या आठवड्यापासून दर दोन-चार दिवसांनी हुडहुडी भरते. आज दोन गोधड्या घालून मी तिला धरून बसलेय, तरी दात वाजतायत. ताप १०२. गावातल्या डॉक्टरांनी मलेरिया-डेंग्यू तपासलं, दोन्ही निगेटिव्ह. गोळी चुकवायला आई तयार नाही. "खंड पडला तर परत उलटेल," म्हणते. काय करू?

वर्ष_पूर्ण_झालं:
ताई, आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावा, आत्ताच. सकाळची वाट बघू नका. या दोन औषधांच्या जोडीने निम्म्याहून जास्त लोकांना ताप येतो. पण इन्फेक्शन तर नाही ना, हे त्यांनीच बघायला हवं. आम्हाला दिलेला नियम असा होता: १००.४ झाला की दोन्ही औषधं बंद, आणि ताप जाऊन पुरते २४ तास झाले की पुन्हा सुरू. मिस्टरांचा ताप मी तीनदा कळवलाच नाही. वाटायचं, औषध काढून घेतील. चौथ्या वेळी बीपी एवढं उतरलं की ते न्हाणीघराच्या उंबऱ्यातच कोसळले, तोंड पांढरंफटक. तीन दिवस सलाईन. आईंना सांगा, हा खंड डॉक्टरांच्या हिशोबात धरलेलाच असतो. पाणी भरपूर पाजा.

खिडकीची_सीट:
माझं औषध वेगळं होतं, वेमुराफेनिब. त्याने ऊन अजिबात सोसत नाही. एसटीत बंद काचेशी बसले होते, तासाभरात डावा हात लालभडक, रात्री फोड. उन्हातले यूव्हीए किरण काचेतून येतात हे तेव्हा कळलं. तुमच्या औषधात हा त्रास कमी असतो, तरी पूर्ण बाह्या घालू द्या. आणि तळपायाची कातडी जाड होऊन दुखायला लागली तर लगेच दाखवा.

लेक_साताऱ्याची:
फोन लागला. दोन्ही बंद करायला सांगितलं, उद्या रक्त तपासायचंय. आई रडली, पण ऐकलं तिने. ट्रामेटिनिब फ्रीजमध्येच ठेवायचं ना? इथे दुपारची लाईट जाते.

वर्ष_पूर्ण_झालं:
हो, २ ते ८ अंशांत, मूळ बाटलीतच. आतली ओल शोषणारी पुडी काढू नका. लाईट येईपर्यंत फ्रीज सारखा उघडू नका, आणि जास्त वेळ गेली तर औषधवाल्याला विचारा. उद्या रिपोर्ट आला की इथे लिहा, मी बघतेय.