मदत हवी आहे: किनाऱ्याजवळचा जुना एएम४ (एएमडी प्रोसेसरचा सॉकेट) डेस्कटॉप, अपग्रेडचा क्रम कसा लावावा?

हरमलकिनारा (पेडणे):

नमस्कार मंडळी,

जत्रांतली मराठी नाटकं दोन कॅमेऱ्यांवर ४-केमध्ये चित्रित करून दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायची असतात. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी मशीन अपग्रेड करायचं आहे. सध्याचा संच असा:

प्रोसेसर: रायझन ५ २६००, सोबत आलेलाच कुलर
मदरबोर्ड: बी४५०एम, रॅमचे चार स्लॉट, बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) २०१९चा
रॅम: ८+८ जीबी डीडीआर४, ३२००
ग्राफिक्स: जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी
स्टोरेज: ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी आणि २ टीबी हार्डडिस्क
एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा): ४५० वॅट, ब्राँझ, मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणारा)
यूपीएस: ६०० व्हीए
विंडोज १०

पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी पहिल्यांदा चालू केलं की पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच राहते. बंद करून पुन्हा लावलं की चालतं. कधी कधी १६ऐवजी ८ जीबीच रॅम दिसते. रेंडर करताना मधेच रीस्टार्ट होतं, निळी स्क्रीनही येत नाही. ४-के टाइमलाइनवर जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) मेमरी भरल्याचा संदेश येतो. घर समुद्राला अगदी लागून, खोलीत एसी नाही.

बजेट ४० हजार. आधी ग्राफिक्स कार्ड घ्यावं असा विचार आहे. बरोबर आहे का?

—

डिचोली_हार्डवेअर:

कार्ड लागणारच आहे, पण आज घेऊ नका. तुमच्या चार तक्रारींपैकी शेवटचीच कार्डाची आहे. पहिल्या दोन संपर्काच्या वाटतात आणि रीस्टार्ट वीजपुरवठ्याचा. या अवस्थेत नवं कार्ड लावलं तर रीस्टार्ट वाढतील आणि दोष मात्र कार्डावर जाईल.

आधी रॅम. भिंतीवरचं बटण बंद करा, वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. दोन्ही स्टिक काढून सोनेरी पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. खोडरबर वापरू नका. त्याचे कण स्लॉटमध्ये पडतात आणि सोन्याचा पातळ थर झिजतो. तो गेला की खालच्या धातूला खारी हवा लगेच धरते. स्लॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रश फिरवा आणि वीस मिनिटं सुकू द्या. मग प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, दोन्ही टोकांना 'टक्' ऐकू येईपर्यंत बसवा.

त्यानंतर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू ठेवा. एकही चूक निघाली तर एकेक स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून तपासा. चूक स्टिकबरोबर फिरते की स्लॉटपाशीच राहते, ते त्यात कळेल. स्लॉटपाशीच राहिली तर प्रोसेसर काढून पिना बघाव्या लागतील. एएम४मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात आणि एखादी वाकली तरी रॅमचा एक चॅनल (रॅमकडे जाणारी वाट) गायब होऊ शकतो.

बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेलसुद्धा मल्टिमीटरने मोजा. नवा ३ व्होल्टच्या वर असतो, २.८च्या खाली गेला असेल तर बदला.

—

सत्तरीकर_व (वाळपई):

रीस्टार्टबद्दल. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (नोंदवहीत) 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल. त्याचा अर्थ मशीन नीट बंद न होता गेलं, एवढाच; कारण त्यात नसतं. त्याच्या आगेमागे 'व्हिया-लॉगर'ची (हार्डवेअरच्या चुकांची) नोंद असेल तर संशय प्रोसेसर, रॅम किंवा बोर्डावर. ती नसेल तर एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंग तपासा.

६०० व्हीएचे बहुतेक यूपीएस ३६० वॅटपर्यंतच भार घेतात, आणि आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत ढेपाळते. पावसात व्होल्टेज क्षणभर खाली गेलं की यूपीएस बॅटरीवर जातो, बॅटरी तग धरत नाही आणि मशीन पडतं. तपासायला एखादं बिनमहत्त्वाचं रेंडर लावा आणि यूपीएसचा भिंतीकडचा प्लग काढा. लगेच रीस्टार्ट झालं तर बॅटरी बदला, एवढं स्वस्त काम दुसरं नाही.

अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडूनच मोजून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे, २३०च्या आसपास हवेत. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या वर नको. आपल्याकडच्या जुन्या घरांत तिसरी पिन नुसतीच नावाला असते.

एसएमपीएसमधून येणारी १२ व्होल्टची रेल (लाइन) भाराखाली ११.४ ते १२.६ मध्ये राहिली पाहिजे. सॉफ्टवेअरमधल्या आकड्यावर विसंबू नका, मल्टिमीटर लावा. मीटरलाही क्षणभराची घसरण पकडता येत नाही, त्यामुळे आकडा बरा आला म्हणून जुन्या एसएमपीएसला लगेच निर्दोष ठरवू नका.

—

हरमलकिनारा:

रॅम आणि स्लॉट पुसले, पट्ट्यांवर हिरवट डाग होते. आता १६ जीबी दिसते, मेमटेस्टमध्ये चूक नाही. सेल २.६ व्होल्ट होता, बदलला. यूपीएसचा प्लग काढताच मशीन बंद पडलं. बॅटरी बदलल्यावर बंद पडणं थांबलं, पण लांब रेंडरमध्ये अजून एखादा रीस्टार्ट होतो. व्हियाची नोंद नाही. आता खरेदीचा क्रम सांगा.

—

डिचोली_हार्डवेअर:

पहिला एसएमपीएस, मग कार्ड, मग रॅम, शेवटी प्रोसेसर. स्टोरेजला आत्ता हात लावू नका.

एसएमपीएस ६५० वॅट घ्या. हिशोब असा: ६५ वॅटचा प्रोसेसर भाराखाली ८८ वॅटपर्यंत ओढतो, आरटीएक्स ३०६० १७० वॅट, बाकी सगळं मिळून ५०-६०. बेरीज सव्वातीनशेच्या आत येते, पण हे कार्ड क्षणभर याच्या बरंच वर उसळी मारतं आणि एनव्हिडिया स्वतः त्याला ५५० वॅट सांगते. जुन्या मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी नव्याला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या पिनांची मांडणी मॉडेलनुसार वेगळी असू शकते. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क जळते.

कार्ड ३०६०च, आणि १२ जीबीचंच. याच नावाचं ८ जीबीचं कार्डही विकलं जातं, डबा नीट वाचा. रिझॉल्व्हला मेमरी लागते म्हणून एक कारण. दुसरं म्हणजे तुमच्या बोर्डाचा कार्डाचा स्लॉट जुन्या पीसीआयई ३.० पिढीचा आहे. आरटीएक्स ४०६० आठच लेनवर (डेटाच्या वाटांवर) चालतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर त्याला अर्धीच वाट मिळते. ३०६० पूर्ण सोळा लेन वापरतं. कॅबिनेटमध्ये पुढच्या पंख्यापासून मागच्या पट्टीपर्यंतची लांबी मोजूनच मॉडेल निवडा.

रॅम १६+१६चा एकच संच घ्या. जुन्या दोन ८ जीबी स्टिकसोबत नव्या दोन मिसळल्या की ३२०० टिकण्याची खात्री उरत नाही.

—

सांखळी_एडिट:

स्टोरेजबद्दल थोडं, कारण इथे लोक उगाच पैसे घालतात. सेकंदाला १०० मेगाबिटचं फुटेज म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी. तीन तासांचं नाटक एका कॅमेऱ्याचं १३५ जीबी, दोन्हीचं २७०. दोन्ही प्रवाह एकत्र वाचायला सेकंदाला २५ एमबी पुरतात. साधी साटा एसएसडी ५५०पर्यंत देते, म्हणजे अडतंय ते डिस्कमुळे नाही, डीकोडमुळे (फुटेज उलगडण्यामुळे). प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवा, निम्मा त्रास आजच्या मशीनवरच जाईल. पुढे डिस्क घेतलीत तर टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणारी) एसएसडी घ्या. क्यूएलसीचा (चार बिटवालीचा) कॅशे, म्हणजे तात्पुरती जलद जागा, भरला की मोठी फाइल उतरवताना वेग पार खाली येतो. दुसरा एम.२ (एनव्हीएमई एसएसडीचा) स्लॉट वापरला की अनेक बी४५० बोर्डांवर काही साटा पोर्ट बंद होतात, मॅन्युअल बघा.

—

हरमलकिनारा:

प्रोसेसर रायझन ५६०० की ५७००एक्स? की थोडं थांबून ५७००एक्स३डी?

—

डिचोली_हार्डवेअर:

तुमच्या कामाला ५७००एक्स. आठ कोर रेंडरमध्ये कामी येतात. एक्स३डीचा जादा कॅशे खेळांना लागतो, शिवाय ती १०५ वॅटची चिप. बी४५०एमच्या ज्या बोर्डांवर व्हीआरएमला (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाला) हीटसिंक नाही तिथे मी ती सुचवणार नाही. ५७००एक्ससोबत कुलर येत नाही. १२० एमएम पंख्याचा साधा टॉवर पुरे.

बायोस जुना प्रोसेसर असतानाच अपडेट करा. उत्पादकाच्या पानावर ५७००एक्ससाठी कोणती आवृत्ती लागते ते पाहा, एजेसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.७ किंवा पुढची असेल तर एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधल्या सुरक्षा-व्यवस्थेमुळे) अडखळण्याचा जुना दोषही जातो. पेनड्राइव्ह एफएटी३२ करा. काही बोर्डांना मधली आवृत्ती आधी टाकावी लागते. गडगडाट चालू असताना हे काम काढू नका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, कारण नव्या प्रोसेसरवर बोर्ड एफटीपीएम रीसेट करायचा का असं विचारतो. अपडेटनंतर एक्सएमपी (रॅमचा पूर्ण वेग लावणारी सेटिंग) बंद झालेलं असतं, ते पुन्हा चालू करा.

कुलर काढण्यापूर्वी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या. मग बंद करून चार स्क्रू कोपऱ्याआड सैल करा आणि कुलर डावी-उजवीकडे फिरवून सुटल्यावरच उचला. थेट ओढला तर प्रोसेसर लॉकसकट वर येतो आणि पिना वाकतात. स्क्रू निघाले की बोर्डामागची पट्टी सुटते, तिला मागून हात लावा. बरेच टॉवर कुलर बोर्डासोबत आलेल्या प्लास्टिकच्या कड्यांना अडकतात. तुमच्या जुन्या कुलरसाठी त्या काढून ठेवलेल्या असतील, डब्यात शोधा.

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. २६०० असतानाही ११ बसतं, प्रोसेसरसाठी अडू नका.

—

सत्तरीकर_व (वाळपई):

दमटपणाबद्दल राहिलं. कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून उपयोग नाही, पंखे बाहेरची हवा सतत आत आणतात. पावसाळ्यात रोज तासभर मशीन चालू ठेवा. आतली ऊब बाष्प धरू देत नाही. बंद कपाटात ठेवू नका, समुद्राकडच्या खिडकीसमोरही नको. एसी बसवलात तर तो बंद केल्या केल्या खिडकी उघडू नका, थंड धातूवर लगेच दव धरतं. रिकाम्या रॅम आणि पीसीआयई स्लॉटवर प्लास्टिकची टोपणं लावा, आणि पुसण्याचं काम दर वर्षी पाऊस सरल्यावर एकदा करा.