विषय: रिफर्बिश्ड लॅपटॉप सुरूच होत नाहीये, कुणी मदत करेल का?

नमस्कार मंडळी,

मुलीसाठी घेतलेला रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) लॅपटॉप कालपासून सुरू होत नाहीये. दीड-दोन आठवडे छान चालला. काल बॅगेतून काढून बटण दाबलं, तर बटणाचा दिवा लागला, पंखा दोन-तीन सेकंद घुमला आणि स्क्रीन काळीच राहिली. रात्रभर चार्जरवर ठेवला, काही फरक नाही. घरातला फोनचा टाइप-सी चार्जरही लावून पाहिला. वीस-पंचवीस वेळा तरी बटण दाबून झालं असेल. मुलीला सोमवारी प्रोजेक्ट द्यायचा आहे, फाइल सगळ्या त्यातच आहेत. दोघींचाही जीव टांगणीला लागलाय. मदरबोर्ड गेला असेल का?

———

उत्तर:

ताई, मदरबोर्डचं नाव एवढ्यात काढू नका. दिवा लागतोय, पंखा फिरतोय, म्हणजे वीज आत पोचतेय. बटण दाबल्यावर लॅपटॉप आधी स्वतःची तपासणी करतो, मग स्क्रीन उजळतो, मग डिस्कवरून विंडोज उचलतो. तो यातल्या कुठल्या पायरीवर अडलाय हे कळल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नका. लोक नेमकं उलट करतात. आधी उघडतात, पाच गोष्टी एकदम हलवतात, आणि मग कशाने काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

सगळ्यात आधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगतोय का? टचपॅड वर आलाय का? तसं असेल तर बॅटरी फुगलेली आहे. मग दाबू नका, चार्जिंगला लावू नका, तिथेच थांबा आणि मला कळवा.

तसं काही नसेल तर चार्जर काढा, यूएसबीला जे काही लावलं असेल ते काढा आणि पॉवरचं बटण सलग ३० सेकंद दाबून धरा. आत साठलेला चार्ज निघून जातो आणि पुष्कळ मशिन एवढ्यानेच उठतात. मग मूळ चार्जर लावून एकदाच बटण दाबा आणि कॅप्स लॉकच्या दिव्याकडे बघा. ती की दाबल्यावर दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, घोळ स्क्रीनचा आहे. अशा वेळी अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. पुसट अक्षरं दिसली तर फक्त बॅकलाइट (स्क्रीनमागचा उजेड) गेलाय, आणि बाहेरचा मॉनिटर जोडून फाइल काढून घेता येतील.

आणि दिवा आपला आपणच लुकलुकत असेल तर मोजा. ती लॅपटॉपची भाषा आहे आणि कंपनीगणिक वेगळी असते. उदाहरणार्थ, डेलच्या बऱ्याच लॅटिट्यूडमध्ये बॅटरीचा दिवा २ वेळा पिवळा आणि ३ वेळा पांढरा लागला तर अर्थ होतो की रॅम, म्हणजे मशीनची तात्पुरती मेमरी, सापडत नाहीये. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर मिळेल, त्यात तक्ता असतो.

फोनच्या चार्जरबद्दल: प्लग बसला म्हणजे चार्जर चालेलच असं नाही. फोनचे बरेच चार्जर ५ किंवा ९ व्होल्ट देतात, लॅपटॉपला बहुधा २० लागतात. तुमच्या चार्जरवर बारीक अक्षरात 'आउटपुट' लिहिलेलं असतं. २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर असेल तर गुणाकार ६५ वॉट. तोच आकडा लॅपटॉपच्या तळाच्या लेबलशी ताडून बघा. रिफर्बिश्ड मशीनबरोबर दुसऱ्याच मॉडेलचा, कमी वॉटचा चार्जर येणं अजिबात दुर्मीळ नाही.

———

उत्तर:

वरच्या उत्तरात काकांनी सांगितलेलं सगळं कराच, पण मला एक आधी सांगायचंय. दोनच आठवडे झालेत, म्हणजे वॉरंटी असणार. उघडण्याआधी विक्रेत्याला लिहून विचारा की मागचं झाकण काढलं तर चालेल का, आणि उत्तर जपून ठेवा. तळाच्या एखाद्या स्क्रूवर स्टिकर असेल तर तो फाडू नका. मी एकदा घाईत फाडला होता आणि त्यानंतर माझं कुणी ऐकून घेतलं नाही.

फाइलींची काळजी मात्र थोडी कमी करा. त्या एसएसडीवर (लॅपटॉपच्या डिस्कवर) असतात, मदरबोर्ड गेला तरी त्या तशाच राहतात. एसएसडी सुटी करून यूएसबीच्या एन्क्लोजरमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) घातली की दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाचता येते. एन्क्लोजर घेताना एसएसडी एनव्हीएमई प्रकारची आहे की साटा प्रकारची एवढं बघायचं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल. मुलीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती आहे का, हे आजच फोनवरून बघून ठेवा.

———

उत्तर:

काका, ताई, मनापासून आभार. बॅटरी फुगलेली नाही. चार्जर ६५ वॉटचाच आहे. ३० सेकंदांचा उपाय केला, फरक नाही. पण कॅप्स लॉक खरंच आपणहून लुकलुकतोय, आणि मॅन्युअलमधल्या तक्त्यात त्या आकड्यापुढे मेमरी असं लिहिलंय! रिकव्हरी की सापडली, कागदावर उतरवून ठेवली. विक्रेत्याने रॅम तपासायला हरकत नाही असं ईमेलने कळवलंय. आता पुढे?

———

उत्तर:

उत्तम. चार्जर काढा, झाकण उघडल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मगच रॅमला हात लावा. धातूच्या एखाद्या वस्तूला स्पर्श करून अंगावरची स्टॅटिक घालवा. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ओढल्या की पट्टी तिरकी वर उचलते. सोनेरी कडेला बोट लावू नका. परत बसवताना तिरकी घालून पूर्ण आत सरकवा आणि खाली दाबा. दोन पट्ट्या असतील तर आधी एकच लावून बघा. (काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते. तसं दिसलं तर झाकण बंद करून विक्रेत्याकडे पाठवा.)

एक विनंती: पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मशीन रॅमची नव्याने ओळख करून घेत असतं, मध्येच एकदा-दोनदा बंद होऊन चालूही होतं. तेवढा धीर धरा, बटण दाबू नका.

———

उत्तर:

काका, सापडलं! दोन पट्ट्या होत्या. एकीच्या डाव्या बाजूची क्लिप खाचेत बसलेलीच नव्हती, पट्टी त्या कोपऱ्यात नखाएवढी वर उचललेली होती. बॅगेतल्या हादऱ्यांनी निसटली असणार. आत सरकवून दाबली तेव्हा 'टक्' आवाज आला. दोन मिनिटं स्क्रीन काळी होती आणि मुलगी माझा हात धरून बसली होती. मग लोगो आला! पण आता तारीख चुकीची असल्याचा मेसेज आणि त्याखाली 'नो बूटेबल डिव्हाइस', म्हणजे सुरू करायला डिस्कच सापडत नाहीये. एसएसडीला मी हातही लावला नव्हता.

———

उत्तर:

घाबरू नका, हे दोन्ही एकाच कारणाचं दिसतंय. मदरबोर्डवर ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल असतो, तो घड्याळ चालू ठेवतो, आणि बऱ्याच मशिनमध्ये बायोसच्या (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) सेटिंगही त्याच्याच जोरावर टिकतात. जुन्या मशीनमध्ये तो बरेचदा संपत आलेला असतो. मोठी बॅटरी लावलेली असते तोवर ते उघडकीला येत नाही. आपण ती सोडवली आणि सेटिंग मूळपदावर गेल्या.

बायोसमध्ये जा, तारीख दुरुस्त करा. स्टोरेजमध्ये एसएसडीचं नाव दिसतंय का बघा. दिसत असेल तर बूट मोड (विंडोज सुरू करायची पद्धत) जुना, म्हणजे लेगसी, झालाय का ते बघून नवा, म्हणजे यूईएफआय, करा, सेव्ह करून बाहेर या. तेवढ्याने झालं नाही तरच एसएसडीचा मोड (मशीन तिच्याशी कसं बोलतं ती सेटिंग) 'एएचसीआय' किंवा 'रेड' (RAID) यांपैकी दुसरा करून बघा. एका वेळी एकच बदल, आणि आधी काय होतं त्याचा फोटो. बिटलॉकरने की मागितली तर कागद आहेच.

———

उत्तर:

बूट मोड लेगसीच होता. यूईएफआय केला, बिटलॉकरने की मागितली, आणि विंडोज सुरू झालं. पहिलं काम म्हणजे प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर उतरवला, मग बाकीच्या फाइल.

सेल वायरवाला आहे, दोन पिनांच्या प्लगचा. त्याचा फोटो विक्रेत्याला पाठवलाय, ते तसाच देणार आहेत. तो बसेपर्यंत बॅटरी पूर्ण उतरू द्यायची नाही असं मुलीला सांगून ठेवलंय.